रंगूची बाजू

आमच्या ग्रुपमध्ये 'छान' म्हणायला बंदी आहे. कोणी चुकून म्हटलंच, तर त्या दिवशीचे चहाचे सगळे कप त्यानं धुवायचे. नियम माझा. सुरुवातीला सगळे नुसत्या माना डोलवायचे. एक गाणं संपलं की छान, पुढचं संपलं की खूपच छान, आणि चालले घरी. मी म्हटलं, अरे, छान ऐकायला मला गोडाऊनमध्ये कशाला यायला पाहिजे? माझ्या दुकानात बायका नवा ब्लाउज घालून आरशासमोर उभ्या राहतात. बाही दंडाला करकचून बसलेली असते, तरी तोंडावर छानच म्हणतात, आणि घरी जाऊन जावेपुढे माझा उद्धार करतात. तसलं आपल्याला नको. जे वाटलं ते तोंडावर बोला, नायतर येऊ नका.

मी माधुरी. शहापुरात माझं शिवणाचं दुकान आहे आणि त्याच्या मागे माझ्या नवऱ्याचं, किशोरचं, मंडप आणि साउंडचं गोडाऊन. रविवारी दुपारी आमी तिथं जमतो, घड्या घातलेल्या खुर्च्यांतल्या चार उघडायच्या आणि एक अल्बम ऐकायचा. ग्रुपचं नावच 'अख्खा अल्बम'. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मधलं एकही उडवायचं नाय, मधे बोलायचं नाय. जो अल्बम आणतो त्यानं आधी काय सांगायचं नाय, कोणी गायलाय, कधी गायलाय, काय नाय. नायतर लोक नाव ऐकूनच मत ठरवून बसतात. हा नियम भगीरथकाकांचा. काका वाशिंदच्या कंपनीतून रिटायर झालेत, घरी कपाटभर कॅसेटी, आणि बोलणं असं की समोरचा घाम पुसत बसावा. एकदा एका हळदीच्या डीजे अल्बमवर म्हणाले, "ही दहा गाणी नायत. एकच गाणं दहा वेळा कपडे बदलून आलंय." तो अल्बम आणणारा पोरगा परत आला नाय, पण खोटं काय होतं त्यात?

चौथी रेश्मा. रोज कल्याणला लॅबमध्ये कामाला जाते, कानात कायम इअरफोन. तिनं एकदा एका अल्बमबद्दल म्हटलं होतं, "दादा, मोबाइलवर यात बासरी होती हो." किशोर हसला. म्हणाला, "मोबाइल काय पण ऐकवतो. मोठा साउंड खरं सांगतो." आमी सगळ्यांनी मान डोलवली. बेसचे दोन बॉक्स, टॉपचे दोन, एवढा मोठा मिक्सर, त्याच्यापुढे रेश्माच्या इअरफोनचं कोण ऐकणार? आमच्या मताला शहापुरात वजन आलं होतं. बेंजो पार्टीवाले नवीन काही काढलं की आधी आमच्याकडे पाठवायचे आणि वर म्हणायचे, ताई, जरा सांभाळून बोला.

होळीनंतरच्या एका रविवारी अनिल आला. वैशाखऱ्याचा पोरगा, वाशिंदला कंपनीत नोकरी, सुट्टीत गाणी रेकॉर्ड करायचा नाद. किशोरचं आजोळ वैशाखऱ्याचं, त्यामुळे ओळख जुनी, आणि अनिलच्या लग्नाचा मांडवही आमचाच ठरलेला. त्याची आई, रंगूबाई, मागच्या पावसाळ्यात गेली. त्याच्यासोबत एक म्हातारी होती. डोक्यावर पदर, हातात पिशवी, नजर मात्र अशी की मी आपोआप सरळ बसले.

"ताई, ही माझी मोठी आई, रंभा. धवलारीण आहे," तो म्हणाला.

धवलारीण म्हणजे आमच्याकडे लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत धवळे गाणारी बाई. भटजी उशिरा आला तर चालतो, तिच्यावाचून पान हलत नाय. अनिलनं खिशातून पेनड्राइव्ह काढून माझ्या हातावर ठेवला. "नियम माहीत आहे, आधी काय सांगत नाय. घरी सगळे छानच म्हणतील. मला तुमचं खरं मत पाहिजे. आणि मोठी आईनं पण अजून ऐकलेलं नाय, तिला मोठ्या साउंडवर पहिल्यांदा ऐकू दे." तो ड्यूटीवर पळाला. रंभामावशी खुर्चीच्या टोकाला बसली.

सात धवळे होते. मावशीचा आवाज, काय सांगू तुमाला, पहिल्या ओळीलाच अंगावर काटा आला. म्हातारपणाचा मागमूस नाय. पण ओळ संपली की ती थांबायची, आणि मग नुसती ढोलकी. टुक टुक टुक. पुन्हा ती विचारायची, पुन्हा थांबायची. धवळ्यात एक बाई विचारते आणि मागची बाई ओळ झेलते, हे आमच्या पोरींनासुद्धा ठाऊक असतं. इथं झेलायला कोणी नव्हतं. सात गाणी तेच. मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. मला वाटलं, स्वतःचा आवाज ऐकून लाजतेय.

संपल्यावर मतं सुरू झाली. भगीरथकाका म्हणाले, "आवाज खणखणीत. पण ओळीमागून एवढी रिकामी जागा कशाला सोडली? ढोलकी बिचारी एकटीच चालत राहते."

रेश्मा म्हणाली, "दोनदा मला वाटलं माइक बंद पडला."

किशोर म्हणाला, "साउंड क्लिअर होता." तो दर वेळी हेच म्हणतो.

मग माझी पाळी. मी म्हटलं, "मावशी, रागावू नका. तुमच्यासारखा आवाज मी ऐकलेला नाय. पण हे लग्नाचं गाणं वाटत नाय. बाई एकटीच हाका मारतेय आणि पलीकडून कोणी ओ देत नाय. मला तर भीतीच वाटली ऐकताना."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. "तुमाला पन ऐकू आली नाय?"

"कोण मावशी?"

"मला वाटलं माझेच कान गेले." ती उठली. चहाचा कप तसाच भरलेला. "कापली त्यानं तिला. सख्ख्या आयला कापली."

आमी एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. ती दाराबाहेर पडलीसुद्धा. मी चपला अडकवून तिच्यामागे एसटी स्टँडपर्यंत धावले. मुरबाडची गाडी यायची होती. तिथल्या बाकावर तिनं मला सगळं सांगितलं, रडत नाय, दातओठ खात.

रंगूबाई तिची धाकटी जाऊ. दोघींनी आयुष्यभर एकत्र धवळे गायले, रंभा पुढे, रंगू मागे. आजारात रंगूचा दम जायला लागला तेव्हा अनिल म्हणाला, तुमच्या दोघींचं रेकॉर्ड करून ठेवतो. आधी रंभाच्या ओळी घेतल्या, जागा सोडून सोडून. मग रंगूच्या अंथरुणापाशी माइक लावून, तिच्या कानावर ते मोठे हेडफोन चढवून, तिच्या ओळी घेतल्या. रंभा उशाशी तिचा हात धरून बसलेली, तोंडातून ब्र न काढता.

"शेवटच्या धवळ्यात मी विचारते, पाटावरी कोन बसला गो, कोन बसला. तिनं म्हनायचं, नवरदेव बसला गो. पन ती काय म्हनाली ठाव हाय? माझा अनिल बसला गो, माझा अनिल बसला. तवा त्याचं लगीन ठरलेलं पन नव्हतं. तिला म्हाइत होतं गो, आपन त्या हळदीला नसनार. म्हनून आधीच म्हनून ठेवलं. आनि ह्यानं तेच कापलं."

"कशाला कापेल मावशी? त्याची आई..."

"तेव्हाच म्हनत होता, आयचा आवाज नीट लागला नाय, बघू काय करता येतं. केलं बघ. गानं चांगलं दिसाया पायजे ना लोकांत! तुमी तरी खरं बोललात. ह्याच्या हळदीला मी उभी राहनार होते. आता त्याला म्हनावं, दुसरी धवलारीन बघ."

गाडी आली आणि ती चढून गेली. मी बाकावर बसून राहिले. मला अनिलचा इतका संताप आला होता की तो समोर असता तर मी त्याच्या कानाखाली आवाज काढला असता.

पुढच्या आठवड्यात तो समोर आलाच. दुकानात गिऱ्हाईक असताना आत घुसला, दाढी वाढलेली. "ताई, तुमी लोकांनी काय सांगितलंत मोठी आईला?"

"जे ऐकलं ते. तू आईला कापलंस आणि वर आमाला विचारतोस?"

"कुठं कापलीय?" तो ओरडला. गिऱ्हाईक बाई माप अर्धवट टाकून बाहेर गेली. त्यानं मोबाइलला लावलेले इअरफोन माझ्या दोन्ही कानांत कोंबले आणि गाणं सुरू केलं.

डाव्या कानात रंभा. आणि ती थांबली तशी उजव्या कानात दुसरी बाई. घोगरी, धापा टाकणारी, अर्ध्या ओळीत श्वास संपणारी. पण होती. प्रत्येक हाकेला होती.

 मी म्हटलं, "हे तिला ऐकव ना मग, येड्या!"

"ऐकवलं. म्हणते, बोंब झाली म्हणून आता परत टाकलंस, मला काय कळत नाय? म्हणते, शहापूरची माणसं खोटं बोलत नायत. ताई, एका भिंतीची दोन घरं आमची, आणि ती माझ्याशी बोलत नाय. हळद तोंडावर आलीय. दुसरी धवलारीण आणू म्हणतात घरातले. मी नाय आणणार. ती नसेल तर मला हळदच नको."

एवढं बोलून तो शिलाई मशीनकडे बघत उभा राहिला. मी विचारलं, "पण तू आईला अशी एका कानात का ठेवलीस? आमच्या साउंडवर मग ती गेली कुठं?"

"साउंडचं मला काय माहीत. ठेवलीय मी मुद्दाम." त्यानं माझ्या कानांतले इअरफोन काढून घेतले. "दोघी एकत्र ठेवल्या असत्या तर मला ऐकताच आलं नसतं. आता कसं, नाय सहन झालं की उजव्या कानातलं काढून टाकतो. मोठी आई तेवढी ऐकतो. ते शेवटचं गाणं मी अजून दोन्ही कानांनी ऐकलेलं नाय."

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि मागे गोडाऊनमध्ये गेले. किशोर खुर्च्या पुसत होता. मी त्याला म्हटलं, लॅपटॉपची वायर दाखव. त्यानं दाखवली. एका टोकाला दोन पिनी, एक पांढरी, एक लाल. पांढरी मिक्सरमध्ये. लालवर काळी टेप गुंडाळून ती मागे लोंबत सोडलेली.

"ही का नाय लावली?"

"ती कशाला लावायची? मंडपात कोणी लावत नाय. एकीवर सगळं येतं. वाया कशाला एक चॅनल घालवायचा, तिथं माइक लागतो."

"एकीवर सगळं येतं?"

"येतंच की."

मी लाल पिन त्याच्या नाकासमोर धरली. "ही उजव्या कानाची ना? हिच्यात रंगूबाई आहे, किशोर. आणि रेश्माची बासरी पण हिच्यातच आहे. आपण इतकी वर्षं अर्धं गाणं ऐकून लोकांची लाज काढत आलो!" बिचारा खाली खुर्चीवर बसला. त्याला लगेच कळलं, तेवढं आहे त्याचं. मी मात्र संध्याकाळपर्यंत त्याला सोडलं नाय. लग्न झाल्यापासूनची जुनी उणीदुणी त्या एका पिनेवरून निघाली.

एक सांगते. मी त्या दिवशी बोलले ते मला चुकीचं वाटत नाय. जे कानावर आलं ते बोलले, आजही तेच बोलेन. पण माझं मत खरं होतं म्हणून रंभामावशीनं त्या पोराला तोडलं होतं, ही गोष्ट मला जेवू देईना. आमी दुसऱ्यांसारखे छान छान करणारे असतो, तर तिनं आमच्यावर विश्वासच ठेवला नसता.

अनिल नवीन पेनड्राइव्ह देतो म्हणाला. मी म्हटलं, खबरदार. तिचा विश्वास बसला तर जुन्यावरच बसेल. तो माझ्या मशीनच्या खणातच पडला होता, त्या दिवसापासून कोणाच्या हाताला लागलेला नव्हता. रविवारी मी किशोरला टेंपोत तीच यंत्रणा भरायला लावली, तोच मिक्सर, तीच वायर, तेच बॉक्स. भगीरथकाका पुढे, मी आणि रेश्मा मागे बॉक्सवर बसून. सापगाव मागे टाकलं, किन्हवलीवरून सरळगावला आलो आणि माळशेजच्या रस्त्याला लागलो. काका वाटेत एकदाच बोलले, "त्या गझलवाल्या पोराला मी म्हटलं होतं, तुझ्या तबलजीला पगार देत नाहीस का. आता त्याला तोंड कसं दाखवायचं?"

वैशाखऱ्यात रंभामावशी अंगणात भात वाळत घालत होती. आमाला बघून तिनं पदर खोचला. "काय आनलंत?"

"मावशी, तोच अल्बम. आमचं ऐकणं राहिलंय."

"झालं ना ऐकून. आता काय राहिलंय?"

"अर्धा राहिलाय," मी म्हटलं. "तुमी म्हणालात ना, शहापूरची माणसं खोटं बोलत नायत. मग एकदा बसा. नाय पटलं तर आमच्या अंगावर कुत्रं सोडा."

ती बसली, पण पाठ वळवून. शेजारच्या दारात अनिल उभा होता. तिनं त्याच्याकडे बघितलं नाय. मी पिशवीतून पेनड्राइव्ह काढून तिला दाखवला, त्याच्यावरची अनिलची निळी चिकटपट्टी तिनं ओळखली. किशोरनं पांढरी पिन लावली आणि शेवटचा धवळा सुरू केला. तेच. रंभा विचारते, ढोलकी चालते. रंभा विचारते, ढोलकी चालते.

"हे तर मी ऐकलंय," ती म्हणाली आणि उठायला लागली.

मी लाल पिनेची टेप दातांनी सोलली आणि पिन तिच्या हातात दिली. "मावशी, ही आमी कधी लावलीच नव्हती. आमच्या नवऱ्याची अक्कल. त्या भोकात घाला. तुमीच घाला, नंतर म्हणाल आमी काय केलं."

तिनं पिन उलटसुलट करून पाहिली. किशोरनं बोट दाखवलं. तिनं ती खुपसली, मिक्सर खरखरला आणि अंगणभर रंगूबाईचा आवाज आला. ओळीच्या मधूनच आला. धाप लागलेला, घोगरा. "...अनिल बसला गो, माझा अनिल बसला."

समोरच्या घरातली बाई हातातली बादली ठेवून बाहेर आली. रंभामावशी मिक्सरपाशी वाकलेली होती ती तशीच राहिली. गाणं पुढे गेलं. "वाट कुनाची बघतो गो, कुनाची बघतो," रंभानं विचारलं, आणि रंगूनं सांगितलं, "माझे सुनेची बघतो गो, सुनेची बघतो." शेवटी तिला खोकला आला. अनिलनं तो खोकलासुद्धा काढला नव्हता.

 मग मावशी सरळ झाली आणि आमच्याकडे वळली. "मत सांगा आता. तुमचा नेम हाय ना? छान म्हनायचं नाय."

भगीरथकाकांनी घसा खाकरला. "रंगूबाईंचा दम पुरत नाय. ओळ अर्ध्यात सुटते."

रेश्मा म्हणाली, "मला नाय सांगता येत," आणि ओढणीत तोंड घालून रडायला लागली.

मी म्हटलं, "मावशी, रंगूबाई बेसूर आहेत. शेवटी तर पार घसरल्यात. पण पलीकडून कोणी ओ देत नाय, असं जे मी म्हटलं होतं ना, ते मी मागं घेते."

"बेसूरच होती ती," मावशी म्हणाली. "लगीन होऊन आली तवापासून बेसूर. गावात सगळी मला म्हनायची, दुसरी घे. मी घेतली नाय. दुसरी कोन माझ्या शिव्या खाऊन दुसऱ्या दिवशी परत उभी राहनार होती?"  तिनं अनिलकडे बघितलं, कितीतरी दिवसांनी. "तिला अशी येगळी का ठेवली रे? माझ्याजवळ का नाय ठेवली?"

अनिल दाराची कडी वरखाली करत राहिला. शेवटी मीच सांगितलं, त्याचं ते उजव्या कानातलं काढून ठेवणं. तो माझ्यावर चिडला असेल, चिडू दे.

मावशीनं ऐकून घेतलं. त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या डोक्यावर एक टपली मारली, अगदी जोरात. "येडा. मला आधी सांगाया काय झालतं?" मग भाताकडे वळून म्हणाली, "जेवून जा सगळी. आनि हळदीला ढोलकीवाला नीट बघा, मागच्या लग्नातला ताल सोडत होता."

पण खरी अडचण पुढेच होती. हळदीला रंभा उभी राहणार हे ठरलं, पण तिच्यामागे कोण? गावातल्या दोघी तयार होत्या. मावशी हो म्हणेना आणि नायही म्हणेना. शेवटी माझ्या नवऱ्यानं जन्मात एकदा डोकं चालवलं. म्हणाला, "मावशी, पांढरी पिन काढतो. फक्त लाल ठेवतो. रंगूकाकी एकटीच येईल, ढोलकी पण येईल. तुमी समोर उभं राहून विचारा."  मावशी म्हणाली, "थांबंल का ती माझ्यासाठी?" किशोर म्हणाला, "नाय मावशी. ती तिच्या टायमाला येणार. तुमालाच गाठायला लागेल."

हळद दुपार कलल्यावर लागली. मांडवात आमच्या पिवळ्या झालरी, पाटावर अनिल, उघड्या अंगावर बायकांचे हळदीचे हात फिरत होते. नवरी दर्शना, सापगावची, तिची हळद तिकडे तिच्या घरी. मी मुद्दाम मिक्सरजवळ उभी राहिले, किशोरनं परत काही घोळ घालू नये म्हणून.

पहिल्या दोन धवळ्यांना मावशीची तारांबळ उडाली. ती श्वास घ्यायला थांबायची तोवर रंगू उत्तर देऊन मोकळी. मावशी चिडली. "थांब गो जरा! कुठं गाडी सुटतेय तुझी?" बॉक्सकडे बघून ओरडली, आणि मांडव हसला. मग तिनं पदर कमरेला खोचला आणि रंगूला गाठलंच. एक विचारतेय, दुसरी सांगतेय, म्हाताऱ्या बायका डोळे पुसतायत आणि हसतायत. लहान पोरं बॉक्सच्या मागे जाऊन बघून आली, आत कोण बसलंय ते.

शेवटचा धवळा लागला तेव्हा मी अनिलकडे बघितलं. त्याचे दोन्ही हात हळदीनं माखलेले, बायकांनी धरून ठेवलेले. कानांतलं काढायची काही सोय नव्हती.

"पाटावरी कोन बसला गो, कोन बसला," रंभामावशीनं विचारलं.

"माझा अनिल बसला गो, माझा अनिल बसला."

पोरगा हमसून हमसून रडायला लागला. भर मांडवात, पाटावर, मान खाली घालून. त्याला कोणी गप्प केलं नाय. बायका हळद लावत राहिल्या.

"वाट कुनाची बघतो गो, कुनाची बघतो?"

"माझे सुनेची बघतो गो, सुनेची बघतो."

इथं गाणं संपतं. मागून तो खोकला येतो आणि संपतं. विचारणं रंभाचं, उत्तर रंगूचं, आयुष्यभर तसंच चालत आलेलं. पण त्या दिवशी मावशी थांबली नाय. बॉक्सच्या अगदी जवळ गेली, वाकली, आणि बहिऱ्या माणसाला सांगावं तसं मोठ्यानं, सुरात, तिनं रंगूला सांगितलं.

"दर्शनाची बघतो गो रंगू, दर्शनाची बघतो. दर्शना नाव हाय तुझे सुनेचं."